मालकाचा फोन लागला नाही, म्हणून स्लॅब थांबला नाही

मूळ प्रश्न — सांगलीकर_स्थापत्य

मी सांगलीतील स्थापत्य अभियंता आहे. विश्रामबागेतील वालचंद महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर काही वर्षे पुण्यात एका संरचना सल्लागाराकडे उमेदवारी केली आणि 2001 मध्ये गावी परतून बांधकामाचा व्यवसाय सुरू केला. आज आमच्याकडे चौतीस माणसे पगारावर आहेत. बंगले, छोट्या निवासी इमारती आणि तासगाव-कवठेमहांकाळकडची बेदाण्याची शीतगृहे अशी कामे आम्ही करतो. व्यवसाय बरा चालला आहे. तरीही एका घटनेने गेले काही महिने मला स्वस्थ बसू दिलेले नाही. ती केवळ तांत्रिक चूक नव्हती, म्हणून येथे सविस्तर मांडत आहे.

पहिली दहा वर्षे आमचा एकही स्लॅब माझ्या गैरहजेरीत पडला नाही. सळईची तपासणी मी करायचो, सळईखाली ठेवायचे कव्हर ब्लॉक मी मोजायचो, पाणी मारायला येणाऱ्या माणसाला रात्री फोन करून आठवणही मीच द्यायचो. पुढे कामे वाढली आणि माझा दिवस बँकेत, करसल्लागाराकडे, नगररचना कार्यालयात आणि ग्राहकांच्या बैठकांत जाऊ लागला. तुळईची आकडेमोड हाताने शेवटची केव्हा केली, ते आता आठवावे लागते. याबद्दल मला तक्रार करायची नाही, कारण हा मार्ग मीच निवडला. पण ज्या कामासाठी या व्यवसायात आलो, ते काम माझ्या हातून कधी निसटले हे मला कळले नाही, एवढे मात्र खरे.

दुसरी गोष्ट माझ्या छंदाची. आठ वर्षांपासून दर गुरुवारी दुपारी मी मिरजेला एका तंतुवाद्य कारागिरांकडे जातो. सुरुवातीला आईचा जुना तानपुरा दुरुस्तीला टाकला होता, त्या निमित्ताने गेलो आणि तिथेच रमलो. पंढरपूरच्या बाजूने येणारे कडू भोपळे वाळवून, कापून, त्यांना तुणीच्या लाकडाचा गळा कसा बसवतात, हे पाहता पाहता आता मला घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती पट्टी, घासायला देतात. जवारी काढणे म्हणजे घोडीचा माथा कानसेने इतका बारीक उतरता करणे, की तार त्यावर जेमतेम टेकून बोलावी आणि खाली सरकवलेल्या सुती दोऱ्याने तिचा आवाज खुलावा. हे काम कारागीर कानाने करतात. म्हणून दुकानात शिरताना माझा फोन बंद करायला लावतात. आठवड्यातले ते अडीच तास सोडले, तर बाकी सर्व वेळ फोन माझ्या हातातच असतो.

गेल्या एप्रिलमधल्या एका गुरुवारी आमच्या एका इमारतीचा दुसऱ्या मजल्याचा स्लॅब होता. एम 25 प्रतीचे, म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला 25 न्यूटन ताकद अपेक्षित असलेले, तयार काँक्रीट प्लॅन्टवरून येत होते, पंप लावलेला होता. दुपारी पंप चोक झाला आणि पुढची गाडी उन्हात उभी राहिली. पंप सुरू होईपर्यंत, प्लॅन्टवर भरल्यापासून त्या गाडीला दोन तासांहून बराच अधिक वेळ झाला होता. काँक्रीट घट्ट झाले होते. गाडीच्या चालकाने आणि आमच्या मुकादमाने ड्रममध्ये पाणी सोडले. साइटवरचा अभियंता पंचवीस वर्षांचा मुलगा आहे. त्याने हरकत घेतली, मला दोनदा फोन लावला आणि तो बंद लागला. मुकादम म्हणाला, "साहेबांनी थांबा म्हटलेले नाही." ग्राहक स्वतः समोर उभे होते आणि त्यांनाही काम संपवायचे होते. गाडी रिकामी झाली.

त्या मुलाने एक गोष्ट केली, जी त्याला कोणी सांगितली नव्हती. त्याने त्या गाडीतून चाचणीसाठी काँक्रीटचे सहा ठोकळे, म्हणजे क्यूब, भरून घेतले, गाडीचा क्रमांक, भरण्याची आणि ओतण्याची वेळ लिहिली आणि तो माल स्लॅबच्या कोणत्या भागात गेला याचे रेखाटन वहीत काढले. सात दिवसांच्या चाचणीतच आकडा फार खाली आला. अठ्ठावीस दिवसांनंतर त्या भागातून तीन कोअर, म्हणजे स्लॅब कापून काढलेले दंडगोल नमुने, घेतले, त्यांची समतुल्य ताकद 22.4, 20.8 आणि 17.9 भरली. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 456) सरासरी किमान 85 टक्के आणि कोणताही एक नमुना किमान 75 टक्के असावा लागतो. म्हणजे 25 च्या प्रतीसाठी अनुक्रमे 21.25 आणि 18.75. आम्ही दोन्ही अटींत नापास झालो. दोन पॅनेल ब्रेकर लावून, सळ्या वाचवत तोडली आणि स्वखर्चाने पुन्हा भरली.

खर्च सहन झाला. सहन होत नाही ते असे, की त्या दुपारी मी घोडी घासत बसलो होतो. तेव्हापासून मी मिरजेला गेलेलो नाही. पत्नी म्हणते की दोन्ही गोष्टींचा संबंध नाही. माझ्या भागीदाराचे मत बरोबर उलट आहे. माझा प्रश्न असा, की चौतीस माणसांची संस्था चालवणाऱ्या अभियंत्याने साइटवर किती असावे, फोनवर किती असावे आणि त्याला अजिबात न सापडण्याचा हक्क आहे की नाही? ज्यांनी या क्षेत्रात माणसे सांभाळली आहेत, त्यांनी कृपया अनुभवाने सांगावे.

---

प्रतिसाद 1 — निवृत्त_सातारा

आपण प्रश्न प्रामाणिकपणे मांडला आहे, म्हणून उत्तरही स्पष्ट देतो. माझी सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यातला बराच काळ सातारा जिल्ह्यात. खात्याच्या कामकाजाबद्दल लोकांच्या मनात जे काही असते, त्यातले पुष्कळसे खरे आहे. परंतु एक शिस्त तिथे होती, ती खाजगी व्यवसायात मला क्वचित दिसली. अधिकारी रजेवर जाताना कार्यभार लेखी सोपवून जातो. त्या दिवसापुरते निर्णय कोण घेणार, हे नाव घालून लिहिलेले असते. आपण दर गुरुवारी अडीच तास रजेवर जात होता आणि कार्यभार बंद फोनमध्ये घालून बरोबर नेत होता. दोष जवारीचा नाही.

दुसरा मुद्दा आपल्या मुकादमाचा. काम पुढे नेणे हे त्याचे काम. त्याच्याकडून काम थांबवण्याची अपेक्षा करणे म्हणजे बैलाने स्वतःच्या मानेवरचे जू काढावे असे म्हणणे. आमच्याकडे गुणनियंत्रणाची यंत्रणा बांधकामाच्या यंत्रणेपासून वेगळी ठेवलेली असे, तिचा अहवाल वेगळ्या वरिष्ठाकडे जाई. त्यावरून वाद होत, कधी कधी हास्यास्पद वादही होत. तरी नमुना घेणारा माणूस काम ओढणाऱ्या माणसाच्या हाताखाली नसे. आपल्या साइटवर तो मुलगा व्यवहारात मुकादमाच्या हाताखाली होता, कागदावर काहीही असो. त्याने क्यूब भरले आणि रेखाटन काढले, हे वाचून मला फार समाधान वाटले. असा माणूस जपून ठेवा.

कोयनेचे एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या भूकंपात 103 मीटर उंचीच्या त्या धरणाला तडे गेले, ते तळाशी गेले नाहीत, जिथे पाण्याचा दाब सर्वाधिक असतो. ते वरच्या भागात, सांडव्याच्या बाजूच्या पाणी न वाहणाऱ्या भिंतीत, जिथे मागच्या अंगाचा उतार एकदम बदलतो तिथे गेले. पुढे त्या भिंतीला मागून भक्कम धिरे देऊन धरण मजबूत केले. संस्थेतही जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात जाते, तो सांधा असाच तपासावा लागतो. आपल्याकडे तो सांधा गुरुवारी दुपारी होता.

छंदाविषयी म्हणाल, तर मी नोकरीत असताना रविवारी जुनी पाण्याची बांधकामे पाहत हिंडत असे. साताऱ्याजवळ लिंब गावची बारा मोटेची विहीर मी किती वेळा पाहिली, याची गणती नाही. अठराव्या शतकातले ते काम आहे. मुख्य विहीर आणि उपविहीर यांच्यामधल्या भागावर दगडी महाल उभा आहे आणि वरती मोटांची सोय. प्रत्येक वेळी मोटेच्या दगडांवरचे वजन खाली कसे उतरवले असेल, याचा विचार करत घरी येत असे. त्याचा माझ्या नोकरीला थेट उपयोग झाला, असा दावा मी करणार नाही. पण सोमवारी कार्यालयात शिरताना माझी चिडचिड कमी असे, हे माझ्या हाताखालच्या माणसांनी मला निरोपसमारंभात सांगितले.

---

प्रतिसाद 2 — कृष्णाकाठ

मी संरचना सल्लागार आहे आणि मिरज-सांगली परिसरातच काम करते. वरील साहेबांचा कार्यभाराचा मुद्दा शंभर टक्के मान्य. तरीही माझ्या मते नुसते नाव लिहून भागणार नाही, कारण त्या मुलाचे नाव कागदावर असते, तरी त्या दुपारी तो बहुधा हरलाच असता. समोर ग्राहक, बाजूला त्याच्या दुप्पट वयाचा मुकादम आणि गाडीत सहा घनमीटर माल, म्हणजे पंचवीस-तीस हजार रुपये. ही रक्कम कोणाच्या खात्यावर पडणार हे माहीत नसताना "गाडी परत न्या" असे म्हणायला त्याच्याजवळ काय होते?

आपण सांगलीकर आहात, म्हणून सोपे उदाहरण देते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पुराचे पाणी 40 फुटांवर आले की इशारा आणि 45 फुटांवर धोका, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले, तेव्हा ज्यांनी ठरलेल्या आकड्याला सामान हलवले त्यांचे सामान वाचले आणि जे "बघू, अजून कोणी काही सांगितले नाही" म्हणत बसले, त्यांचे गेले. माझ्या मामांचे दुसऱ्या प्रकारात मोडते, म्हणून अधिकारवाणीने लिहिते. आकडा आधी ठरलेला असला की परवानगी मागावी लागत नाही. साइटवरही असेच दोन-तीन आकडे ठरवून फलकावर लावा. प्लॅन्टवर भरल्यापासून दोन तास, हे तयार काँक्रीटच्या मानकातच आहे. सेट होण्याचा वेळ लांबवणारे रसायन घातले असेल, तर त्यानुसार वाढीव वेळ प्लॅन्टकडून आधी लेखी घ्या. दुसरा आकडा स्लंपचा, म्हणजे ओला माल किती सैल आहे त्याचा; तो मागणीपत्रात लिहिलेला असतोच. तिसरी गोष्ट आकड्याचीसुद्धा नाही: साइटवर ड्रममध्ये पाणी सोडायचे नाही. पाण्याने माल सैल होतो, तेवढ्यापुरता पंप चालतो आणि ताकद जाते; हे मुकादमालाही ठाऊक असते. माल घट्ट झाला असेल आणि वेळ शिल्लक असेल, तर प्लॅन्टच्या माणसाकडून प्लॅस्टिसायझरची, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणाऱ्या रसायनाची, ठरलेली मात्रा टाकून घ्यावी.

आणखी एक बाब कोणी लिहिलेली नाही. गाडी परत पाठवली तर स्लॅब मध्येच थांबतो, आणि थांबण्याची तयारी नसेल तर थांबणेही तितकेच वाईट. म्हणून प्रत्येक स्लॅबच्या आधी, थांबावे लागलेच तर कोठे थांबायचे, त्या रेषा माझ्याकडून किंवा ज्या कोणाचा आराखडा असेल त्यांच्याकडून नकाशावर मारून घ्या. गाळ्याच्या मधल्या एक तृतीयांश भागात कर्तनबल, म्हणजे कापू पाहणारा जोर, कमी असते, तिथे सांधा चालतो. आधाराजवळ चालत नाही. त्या रेषेवर लावायच्या फळ्या सकाळीच साइटवर कापून ठेवा. गेल्या वर्षभरात माझ्याकडून अशा रेषा मागणारे किती ठेकेदार भेटले म्हणाल, तर दोन. बाकीच्यांना स्लॅब थांबेल अशी कल्पनाही अशुभ वाटते.

राहिला पैशाचा प्रश्न. परत पाठवलेल्या गाडीचा खर्च संस्थेचा, आणि त्याबद्दल महिनाभर कोणीही कोणाला विचारणार नाही, असे आपण सर्वांसमोर सांगितले पाहिजे. प्लॅन्टशी भांडण नंतर आपण करा.

---

प्रतिसाद 3 — विटा_ठेकेदार

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचनीय आहेत. कोयनेचे तडे आणि आयर्विनचे फूट यांवरून आता फक्त कैलास लेण्याचा दाखला यायचा राहिला आहे. माफ करा, पण कोणीतरी दुसरी बाजू मांडली पाहिजे.

मी रस्ते आणि शासकीय इमारतींची छोटी कामे करतो. निविदा कमी दराने भरल्याशिवाय काम मिळत नाही. दर फार खाली गेला की जादा अनामत भरावी लागते, आणि काम संपले तरी बिल केव्हा निघेल ते सांगता येत नाही. 2025 मध्ये राज्यभर ठेकेदार थकीत बिलांसाठी रस्त्यावर उतरले होते, हे आपण सर्वांनी पाहिले. अशा स्थितीत "परत गेलेल्या गाडीचा खर्च संस्थेचा" हे वाक्य ज्याच्या खात्यात शिल्लक आहे, त्यालाच लिहिता येते. मूळ प्रश्नकर्त्याला ते परवडते, हे चांगलेच आहे. त्यांनी दोन पॅनेल तोडून पुन्हा भरली, यासाठी मी त्यांना मनापासून मानतो, कारण प्लॅस्टर मारून गप्प बसणारे मी पाहिले आहेत. पण याला नेतृत्व म्हणण्याआधी त्याखाली खेळते भांडवल लागते, हे विसरू नये.

कार्यभार सोपवायला माणूसही टिकला पाहिजे. तीन वर्षांत माझ्याकडून चार अभियंते पुण्याला गेले. शिकवून तयार केले की जातात. मग सोपवायचे कोणाला? माझा मुकादम मात्र एकोणीस वर्षे आहे. त्याला लिहिता येत नाही, पण माल हातात घेऊन तो सांगतो की खडी मातकट आहे. मुकादम म्हणजे काम ओढणारा बैल, हे साहेबांचे वाक्य मला रुचले नाही. दोष त्या मुकादमाचा नसून, त्याला आजवर गतीबद्दलच शाबासकी मिळाली याचा असेल. त्याला स्लॅब लवकर संपल्याबद्दल बक्षीस देता का, हे प्रश्नकर्त्याने सांगावे.

आणि छंद. मी पहाटे पाच ते साडेसहा तालमीत असतो. मी आता कुस्ती खेळत नाही. पोरांना लावून देतो, माती खणतो, बसतो. त्या वेळेत माझा फोन घरी असतो. पहाटे पाचला कोणी स्लॅब टाकत नाही, म्हणून माझ्यावर कधी ही वेळ आली नाही, एवढाच आपल्यात फरक. आपण वेळ बदलून पाहिलीत का?

---

प्रतिसाद 4 — तळमजला

मी वाळवा तालुक्यातली आहे. साइट अभियंता म्हणून तीन वर्षे काम करते आहे. येथे सर्व ज्येष्ठ मंडळी लिहीत आहेत, म्हणून थोडा संकोच वाटतो, पण हा प्रश्न ज्या जागेवरून घडला त्या जागेवर मी रोज उभी असते.

"साहेबांना फोन लावा" हे वाक्य साइटवर कोण आणि केव्हा म्हणते, याकडे आपण लक्ष दिले आहे का? आम्ही हरकत घेतली की ते मुकादम म्हणतो, सेंट्रिंगवाला म्हणतो, ग्राहकही म्हणतो. फोन लागला आणि साहेब म्हणाले "थांबवा", तर काम साहेबांनी थांबवले असे होते. पुढच्या वेळी आम्ही पुन्हा शून्यावर. साहेब म्हणाले "होऊन जाऊ दे", तर आमची त्या साइटवरची सद्दी संपली. आणि फोन लागला नाही, तर जे चालले आहे ते चालू राहते. म्हणजे तिन्ही प्रकारांत आमच्या शब्दाला किंमत येत नाही. त्यामुळे आपला फोन त्या दुपारी लागला असता, तर तो एक स्लॅब वाचला असता हे खरे. पुढच्या स्लॅबच्या वेळी तो मुलगा पुन्हा फोनच लावत बसला असता.

ठेकेदार साहेबांच्या म्हणण्यात एक गोष्ट जोडते. आम्ही पुण्याला पगारासाठी जातो हे खरेच आहे, पण फक्त त्यासाठी जात नाही. माझी एक मैत्रीण येथून गेली, कारण कव्हर ब्लॉक नाहीत म्हणून तिने अर्धा दिवस काम अडवले, तेव्हा संध्याकाळी मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावून "तुझे बरोबर होते, पण सर्वांसमोर असे करू नकोस" असे समजावले. बरोबर असल्याचे केबिनमध्ये आणि चूक असल्याचे स्लॅबवर. ती दोन महिन्यांत गेली.

आपण एवढे सविस्तर लिहिले, चाचणीच्या आकड्यांसह लिहिले. पण त्या मुलाला आपण काय म्हणालात, हे कोठेही लिहिलेले नाही. मुकादमासमोर काही म्हणालात का?

---

मूळ लेखकाचे उत्तर — सांगलीकर_स्थापत्य

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण मधल्या काळात काही गोष्टी करून पाहिल्याशिवाय लिहिण्यात अर्थ नव्हता.

आधी "तळमजला" यांच्या प्रश्नाचे उत्तर. नाही, मी त्याला काहीही म्हणालो नव्हतो. अहवाल आल्यावर मी त्याच्याकडून वही मागून घेतली, पाने चाळली आणि "बरे झाले लिहून ठेवलेस" एवढे म्हणालो, तेही गाडीत बसताना. आपला प्रतिसाद वाचल्यानंतर दुसऱ्या दिवशी साइटवर गेलो, मुकादम, सेंट्रिंगची टोळी आणि सळईवाले सर्वांना बोलावले आणि ते रेखाटन सर्वांना दाखवले. मुलगा लाजून बाजूला उभा राहिला. मुकादम काही बोलला नाही. नंतर एकटाच माझ्याकडे येऊन त्याने विचारले, "साहेब, आजवर स्लॅब दिवसात संपवला की तुम्ही टोळीला जेवण द्यायचात, ते आता बंद का?" विट्याच्या साहेबांनी ज्यावर बोट ठेवले होते, ते हेच. मी वीस वर्षे वेगाचे जेवण घालत आलो आहे आणि मला ते बक्षीस आहे असे कधी वाटलेच नव्हते. जेवण चालू ठेवले आहे. आता ते सात दिवसांच्या चाचणीनंतर असते. टोळीला हे फारसे आवडलेले नाही.

"कृष्णाकाठ" यांनी सांगितल्याप्रमाणे आकड्यांचा फलक लावला, थांबण्याच्या रेषा नकाशावर मारून घेतल्या आणि खर्चाबद्दल सर्वांसमोर सांगितले. भागीदाराचा विरोध होता. त्याचे म्हणणे असे, की उद्या भीतीपोटी दर दुसरी गाडी परत जाईल. या म्हणण्यात तथ्य नाही असे मला वाटत नाही, म्हणून सहा महिन्यांनी हिशेब पाहायचे ठरले आहे. निवृत्त साहेबांनी सांगितलेला कार्यभार आता साइटच्या वहीत लिहिला जातो. पहिल्यांदा ते वाक्य लिहिताना मला शासकीय कारकून झाल्यासारखे वाटले, हे कबूल करतो. वेळ बदलण्याची सूचनाही तपासली; मिरजेचे कारागीर सकाळी दुसऱ्या कामात असतात, जवारीला दुपारच बरी म्हणतात.

परवा गुरुवारी एका शीतगृहाचा स्लॅब होता. मी मिरजेला गेलो. सात महिने हात नसल्यामुळे घोडी एका बाजूला जास्त उतरली आणि ती पुन्हा सपाट करून सुरुवात करावी लागली. फोन बंद होता. दुकानातून बाहेर पडून सुरू केला, तेव्हा ग्राहकांचे सहा फोन येऊन गेलेले होते. साइटवरून एकही नव्हता.

साइटवर पोहोचलो, तेव्हा संध्याकाळ झाली होती. चौथी गाडी परत पाठवलेली होती. वहीत वेळ लिहिली होती, ती दोन तासांच्या आत होती. स्लंप मात्र ठरलेल्या मर्यादेपेक्षा पंधरा मिलिमीटरने जास्त भरला होता. मी स्वतः उभा असतो, तर बहुधा ती गाडी घेतली असती. प्लॅन्टच्या पुढच्या गाडीला वेळ लागल्यामुळे स्लॅब आखलेल्या रेषेवर थांबवावा लागला होता, फळ्या लावलेल्या होत्या आणि सांध्याची कड मुकादम स्वतः तारेच्या ब्रशने खरवडत होता. ग्राहक माझ्यावर चिडले होते आणि त्यांना दोन दिवस उशीर का होणार हे मी समजावत होतो. तेवढ्यात मुलाने वही पुढे केली. परत गेलेल्या गाडीच्या ओळीपुढे "खर्च मान्य" असे लिहून माझ्या सहीसाठी त्याने जागा सोडली होती. स्लंपच्या आकड्यावर माझी नजर थांबली, हे त्याच्या लक्षात आले असावे. मी सही केली आणि उरलेला भाग शनिवारी किती वाजता भरायचा, हे त्याला विचारले.